ठाण्यात ट्रायलोबाईट का मिळत नाही, आणि मिळतो तिथे कसा शोधायचा

येऊरला ट्रायलोबाईट मिळतो का? नाही मिळत. पारसिकच्या डोंगरात नाही, खारघरच्या टेकड्यांवर नाही, माहुलीला नाही, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या महाराष्ट्रात तो मिळेल असा खडकच नाहीये. आमच्या सोसायटीतल्या पोरांना हे सांगितलं तेव्हा चेहरे पडले सगळ्यांचे, कारण भाच्याने अमेरिकेतून आणलेला काळा ट्रायलोबाईट हातात धरून बघितल्यापासून त्यांना शनिवार-रविवार हातोडी घेऊन डोंगरात जायचंच होतं. पण "नाही मिळत" एवढ्यावर सोडून द्यायची ही गोष्ट नाही. का नाही मिळत हे एकदा डोक्यात बसलं की कुठे मिळेल हेही आपलं आपल्याला सांगता येतं, नकाशा समोर ठेवून, घरबसल्या, आणि जीवाश्म शोधायच्या छंदात निम्म्याहून जास्त काम हेच असतं, हातोडी त्यानंतर. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी हा प्राणी कोण ते बघू. ट्रायलोबाईट म्हणजे समुद्रात राहणारा, पाठीवर टणक कवच असलेला, खूप पायांचा प्राणी. खेकडे, कोळंबी, विंचू, गोम, झुरळं या सगळ्यांचं जे मोठं खानदान आहे, ज्यांना आपण शाळेत संधिपाद म्हणून शिकलो, त्यातलाच हा एक, फक्त याची अख्खी शाखाच आता शिल्लक नाही. खडकांमधे पहिला ट्रायलोबाईट दिसतो तो साधारण ५२ कोटी वर्षांपूर्वी आणि शेवटचा २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे जवळपास २७ कोटी वर्षं हे समुद्रात होते. डायनासोर आले ते हे संपून गेल्यावर. आणि आपण, म्हणजे आपली माणसाची जात, जेमतेम ३ लाख वर्षांची. आत्तापर्यंत ट्रायलोबाईटच्या २०,००० पेक्षा जास्त प्रजातींची नोंद झालीय, काही पूर्ण वाढ झालेले दोन-तीन मिलिमीटरचे, तर कॅनडात हडसन बेच्या किनाऱ्यावर मिळालेला आयसोटेलस रेक्स ७२ सेंटिमीटरचा, म्हणजे ताटाच्या बाहेर जाईल एवढा.

ओळखायचा कसा तर पाठीकडून बघायचं. उभे तीन पट्टे दिसतात, मधला फुगीर आणि दोन्ही बाजूंचे जरा चपटे. आडवे बघितले तरी तीनच भाग, पुढे ढालीसारखं डोकं, मधे एकामागे एक जोडलेल्या पट्ट्यांचं धड आणि मागे शेपटीचा एकसंध तुकडा. ट्रायलोबाईट या नावाचा अर्थ तीन पाळ्यांचा, आणि लोकांचा गोंधळ होतो तो इथेच, त्यांना वाटतं नावातले तीन म्हणजे डोकं-धड-शेपूट, पण नावातले तीन म्हणजे उभे पट्टे. मोडका तुकडा हातात आला तरी मधला फुगवटा आणि बाजूला जाणाऱ्या फासळ्या दिसल्या की अंदाज बांधता येतो.

या प्राण्याचे डोळे मला सगळ्यात जास्त आवडतात. आपल्या डोळ्यातलं भिंग मऊ असतं, मेल्यावर सडून जातं. ट्रायलोबाईटच्या डोळ्यातली भिंगं कॅल्साईट या खनिजाची, म्हणजे दगडाचीच होती, त्यामुळे ती तशीच्या तशी टिकली आणि आज आपण लेन्स लावून एकेक भिंग मोजू शकतो. आता कॅल्साईटची एक खोड आहे. त्याच्या स्वच्छ स्फटिकातून कागदावरची रेघ बघितली की एकाच्या दोन दिसतात. पण एका ठराविक दिशेने बघितलं तर एकच दिसते, आणि ट्रायलोबाईटच्या प्रत्येक भिंगात स्फटिक बरोबर त्याच दिशेने बसलेला असतो!! काहींना शेकडो बारीक भिंगांचा डोळा, फॅकॉप्स नावाच्या गटात मोठी मोठी सुटी भिंगं, आणि मोरोक्कोत मिळालेल्या एर्बेनोकायली नावाच्या एकाला तर उंच मनोऱ्यासारखे डोळे आणि वर चक्क छज्जा, वरून येणारं ऊन डोळ्यावर येऊ नये म्हणून. २००३ मधे त्यावर पेपर आला तेव्हा त्यात म्हटलं होतं की हा प्राणी उजेडात, दिवसा वावरत असणार, नाहीतर सावलीची गरज कशाला. आणि काही ट्रायलोबाईट पूर्ण आंधळे, खोल अंधाऱ्या पाण्यातले किंवा चिखलात राहणारे.

दुसरी गोष्ट कात टाकायची. कवच वाढत नाही, प्राणी वाढतो, त्यामुळे खेकडा जसं कवच टाकतो तसं यांनाही ते टाकावं लागायचं. डोक्याच्या कवचावर दोन शिवणी असायच्या, कात टाकताना त्या उसवायच्या, दोन्ही गालांचे तुकडे सुटून पडायचे आणि प्राणी पुढून बाहेर. म्हणजे एका ट्रायलोबाईटने आयुष्यात बरीच कवचं मागे सोडली, आणि खडकात जे मिळतं त्यातलं बरंचसं हे टाकलेलं कवच असतं, मेलेला प्राणी नाही. गाल जागेवर नसतील तर बहुतेक कात समजायची. गाल जागेवर, सगळं जोडलेलं असेल तर तो प्राणी स्वतः असू शकतो. आणि कधी कधी मिळतो तो गोळी झालेला. पावसाळ्यात येऊरच्या वाटेवर हात लावला की अंग वळून गोळी होऊन बसणारा किडा तुम्ही बघितला असेल, ट्रायलोबाईट अगदी तेच करायचे, डोकं शेपटीला टेकवून मऊ पोट आत. चिखलाचा लोट आला, हे गोळी झाले आणि तसेच गाडले गेले. असा एक हातात आला ना, की त्या प्राण्याचा शेवटचा क्षण आपण धरून बसलोय हे कळतं आणि खूप वेळ काही बोलावंसं वाटत नाही.

पाय मात्र क्वचित मिळतात, कारण पायांवर ते कॅल्साईटचं कवच नव्हतं, ते सडून जायचे. न्यूयॉर्क राज्यात एका थरात पायांच्या जागी पायराईट, म्हणजे तो सोन्यासारखा चमकणारा खनिज, साठला आणि पायांसकट ट्रायलोबाईट टिकले. आणि २०२४ मधे मोरोक्कोतून ज्वालामुखीच्या राखेत गाडलेले ट्रायलोबाईट जाहीर झाले, तोंडाजवळचे बारीक अवयवसुद्धा जागच्या जागी. राख समुद्रात पडली आणि झटक्यात साचा झाला. हे लक्षात ठेवा, कारण आता ज्वालामुखीकडेच वळायचंय.

तर प्रश्न असा की कुठल्याही ठिकाणी ट्रायलोबाईट मिळेल का हे ठरवायचं कसं. तीन गोष्टी विचारायच्या. खडक गाळाचा आहे का, म्हणजे चिखल, वाळू, चुना थरावर थर साठून झालेला. तो गाळ समुद्रात साठलाय का, कारण ट्रायलोबाईट फक्त समुद्रात होते, नदी-तळ्यात नव्हते. आणि त्याचं वय ५२ ते २५ कोटी वर्षांच्या मधे आहे का. तिन्हीला हो असेल तरच पुढे जायचं, एकालाही नाही आलं की पेट्रोल जाळायचं नाही.

आता ठाणं. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला. पारसिकच्या डोंगरात, तुर्भ्याला, उलव्याला ज्या दगडखाणी झाल्या, ज्यातून निघालेल्या खडीवर अर्धी नवी मुंबई उभी राहिली, तो हाच. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून हा लाव्हा वाहिला, थांबला, परत वाहिला, असं कितीतरी वेळा, आणि त्या थरांचाच आपला सह्याद्री. म्हणजे पहिल्याच प्रश्नाला नाही, खडक गाळाचा नाही. समुद्राचा नाही. आणि वय बघा, शेवटचा ट्रायलोबाईट मेला त्यानंतर १८ कोटी वर्षांहून जास्त काळ गेला तेव्हा हा लाव्हा आला. तीनही नाही.

मग एक हुशार पोरगी विचारते, काकू, लाव्हाच्या खाली काय आहे? खाली जुना समुद्राचा गाळ असेल तर? प्रश्न एकदम बरोबर आहे आणि त्याचं उत्तर ठाण्यात नाही पण कोयनेला मिळालंय. भूकंपाच्या अभ्यासासाठी कोयना भागात खोल बोअर घेतली, तिथे एका बोअरमधे साधारण ९३० मीटर बेसाल्ट लागला आणि त्याच्या खाली थेट ग्रॅनाईटच्या जातीचा अतिप्राचीन खडक. मधे समुद्राच्या गाळाचा थर नाहीच.

उरलेल्या महाराष्ट्राचं काय, तर हा सराव म्हणून करून बघायला छान आहे. चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणी आहेत. कोळसा गाळाच्या खडकात मिळतो, हो. त्या खडकांचं वय पर्मियन काळातलं, म्हणजे ट्रायलोबाईट अजून जिवंत होते तेव्हाचं, हो. पण तो गाळ नद्या आणि दलदलीत साठलेला, त्यात ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या झाडाच्या जिभेसारख्या पानांचे ठसे मिळतात, समुद्रातलं काही नाही. तीनपैकी दोन जमले, तिसरा अडला. सिरोंचाकडे डायनासोरची हाडं मिळाली, ते खडक ज्युरासिक, ट्रायलोबाईटच्या नंतरचे. खाली सिंधुदुर्गात लाव्हाच्या बाहेर पडलो की जुने खडक लागतात, पण ते इतके जुने की ट्रायलोबाईट तेव्हा जन्माला यायचे होते. कुठे उशीर, कुठे फार लवकर, कुठे पाणी गोडं.

एक गोष्ट मात्र ठाण्याच्या दगडाला ट्रायलोबाईटशी जोडते आणि ती मला कधीच डोक्यातून जात नाही. ट्रायलोबाईट संपले कशाने? आधीच ते कमी होत आले होते, डेव्होनियन काळाच्या शेवटी, म्हणजे साधारण ३६ कोटी वर्षांपूर्वी, मोठा फटका बसला आणि त्यातून फक्त एक गट वाचला, प्रोएटिडा नावाचा. त्या गटाने पुढची १० कोटी वर्षं तग धरला. आणि मग २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सायबेरियात प्रचंड लाव्हा वाहायला लागला, वायूंनी हवा तापली, समुद्रातला ऑक्सिजन कमी झाला, पाणी आम्लयुक्त झालं, आणि समुद्रातल्या बहुतेक प्रजाती गेल्या, त्यात हे शेवटचे ट्रायलोबाईटही. तो सायबेरियाचा लाव्हा आणि आपला दख्खनचा लाव्हा एकाच प्रकारचे. आपल्या लाव्हाच्या वेळी डायनासोर गेले, त्यात उल्का किती आणि लाव्हा किती यावर अजून वाद चालू आहेत, पण सायबेरियाबद्दल बहुतेक शास्त्रज्ञांचं एकमत आहे. तेव्हा येऊरचा कडा बघताना हे डोळ्यासमोर आणा, असाच खडक वाहात होता तेव्हा त्या लाखो पिढ्यांचा शेवट झाला.

भारतात मिळतात का मग? मिळतात की, हिमालयात. स्पितीमधे पिन नदीला येऊन मिळणारी पराहिओ नावाची नदी आहे, तिच्या खोऱ्यातले कँब्रियन काळातले, म्हणजे ट्रायलोबाईटच्या अगदी सुरुवातीच्या काळातले खडक ट्रायलोबाईटसाठी जगभर माहीत आहेत. हेडन नावाच्या भूशास्त्रज्ञाने तिथे काम केलं, १९०४ मधे स्पितीच्या खडकांवर लिहिलं, आणि १९१० मधे काउपर रीडने तिथल्या जीवाश्मांचं वर्णन छापलं. त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, २००९ मधे, पराहिओ आणि झंस्कारच्या ट्रायलोबाईटवर परत एक मोठा ग्रंथ आला, थर मोजून, प्रत्येक नमुना कुठल्या थरातला ते नोंदवून. काश्मीरमधे मिळतात, पाकिस्तानात मिठाच्या डोंगररांगेत मिळतात. राजस्थानात बिकानेरजवळ दुलमेराला लाल वालुकाश्मात प्राणी नाही पण चिखलात फिरल्याच्या, बसल्याच्या खुणा मिळाल्यात, ज्या ट्रायलोबाईटसारख्या प्राण्यांच्याच मानल्या जातात. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरच्या वर समुद्रातला प्राणी कसा, तर तो खडक समुद्राच्या तळाशी तयार झाला आणि भारत आशियाला जाऊन धडकला तेव्हा वर उचलला गेला.

इथे एक घोळ सोडवते. ठाण्या-मुंबईची इतकी मंडळी आता स्पितीला जातात, लांगझाला कुणीतरी गोल चक्रीचा दगड दाखवतं, आणि मग परत येऊन सांगतात आम्ही ट्रायलोबाईट बघितला. तो अमोनाईट. शंखासारखी गुंडाळी, आत कप्पे, माखलीचा लांबचा नातेवाईक. आपल्या देवघरातला गंडकी नदीतून आलेला शाळीग्राम बहुतेक वेळा अमोनाईटचाच जीवाश्म असतो, ज्युरासिक काळातला, आणि ती चक्रं म्हणजे त्या प्राण्याच्या शंखाची वेटोळी. ट्रायलोबाईट त्याच्याहून कितीतरी जुना आणि दिसायला काहीच साम्य नाही.

आता प्रत्यक्ष शोधायचं कसं. माझी ताई सॉल्ट लेक सिटीला असते, तिच्याकडे गेले होते तेव्हा एक वीकेंड आम्ही फक्त यासाठी ठेवला होता, ताई, जिजू, भाचा आणि मी. युटा राज्यात डेल्टा नावाचं छोटं गाव आहे, त्याच्या पश्चिमेला तासभर वाळवंटातून गेलं की हाऊस रेंज नावाचा डोंगर येतो आणि तिथे व्हीलर शेल नावाचा खडक उघडा पडलाय, ५० कोटी वर्षांहून थोडा जुना. झाड नाही, पाणी नाही, फोनला रेंज नाही, सगळं आपलं आपण घेऊन जायचं. तिथे पैसे भरून खोदू देणारी खासगी खाण आहे, हातोडी आणि बादली तेच देतात आणि सापडेल ते आपलं. तिथे जो मिळतो तो एल्राथिया किंगी, अंगठ्याच्या नखाएवढा, काळा, जगातल्या सगळ्यात जास्त मिळणाऱ्या ट्रायलोबाईटपैकी एक. तिथले मूळ रहिवासी, युट लोक, तो गळ्यात ताईत म्हणून घालायचे.

शेल म्हणजे चिखलाचा खडक, त्याला पातळ पातळ थर असतात. पोरं जातात ती वरून घण मारायला, तसं केलं की चुरा होतो, थराचंही काही कळत नाही. दगड उभा धरायचा, थराची कड शोधायची आणि कडेवर हलके ठोके द्यायचे, फिरवत फिरवत, की तो आपोआप दोन फरशांत उघडतो. ट्रायलोबाईट थराच्या पातळीत आडवा पडलेला असतो त्यामुळे खडक बहुतेक त्याच्याच जागेवरून उघडतो. एका बाजूला प्राणी, दुसऱ्या बाजूला त्याचा ठसा, दोन्ही ठेवायचे, ठसा फेकायचा नाही, कधी कधी बारीक तपशील ठशातच चांगला असतो. एल्राथियाचं एक विशेष असं की त्याच्या पोटाच्या बाजूला कॅल्साईटचा जाड थर वाढलेला असतो म्हणून तो खडकातून अख्खा सुटतो, बटणासारखा हातात येतो. बाकी ठिकाणी एवढं सोपं नसतं, तिथे सुई घेऊन तासन् तास कण कण काढावा लागतो. डोळ्यावर गॉगल लागतोच लागतो, चिपा उडतात, आणि यात पोरांचं काही ऐकायचं नाही. उन्हं तिरकी झाली की जास्त दिसायला लागतं, कारण बारीक उंचवट्यांची सावली पडते, त्यामुळे दुपारी काहीच मिळालं नाही म्हणून निघून जायचं नाही. भाच्याला संध्याकाळी त्याच ढिगाऱ्यात मिळाले जो आम्ही दुपारी सोडून दिला होता, आणि तो जे ओरडला ते अजून माझ्या कानात आहे.

सापडलं की लगेच लेबल. कुठे, कधी, कुठल्या थरातून. कागदात गुंडाळायचं आणि तो कागद आणि लेबल एकत्र ठेवायचं. जागेची नोंद नसलेला जीवाश्म शोभेची वस्तू होतो, त्यातून पुढे काहीच कळत नाही, कारण सगळा अर्थ तो कुठल्या थरातून आला यात असतो. याचंच एक उदाहरण सांगते. स्कॉटलंडच्या वायव्येला मिळणारे कँब्रियन ट्रायलोबाईट अमेरिकेतल्यांसारखे आहेत, आणि तिथून जवळच्या वेल्स-इंग्लंडमधले एकदम वेगळे. आज ही ठिकाणं गाडीने एका दिवसात होतात, तेव्हा त्यांच्या मधे अख्खा महासागर होता, जो पुढे मिटला. १९६६ मधे टुझो विल्सन या भूशास्त्रज्ञाने असल्याच पुराव्यांवरून विचारलं की अटलांटिक एकदा बंद होऊन परत उघडला का, आणि खंड कसे सरकतात हे कळायला त्या प्रश्नाने मोठी मदत झाली. आपल्या हिमालयातले रेडलिकिया नावाचे ट्रायलोबाईट चीन आणि ऑस्ट्रेलियातही मिळतात, त्यावरून तेव्हा हे सगळे भूभाग कसे जवळ होते ते मांडता येतं. नखाएवढ्या प्राण्याच्या लेबलवर हे सगळं उभं आहे.

परदेशी जाणार असाल तर आणखी दोन जागा माहीत असू द्या. न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ पेन डिक्सी म्हणून जुन्या खाणीचं पार्क केलंय, तिथे पोरांना शोधू देतात आणि मिळालेलं घरी नेऊ देतात, डेव्होनियन काळातले, गोळी झालेले ट्रायलोबाईट मिळतात तिथे. इंग्लंडमधे डडली गावाजवळ रेन्स नेस्ट, तिथला कॅलिमेनी ट्रायलोबाईट इतका प्रसिद्ध की गावाच्या बोधचिन्हावर होता, पण आता ते राखीव क्षेत्र आहे, हातोडी चालत नाही, बघायचं. अमेरिकेत सरकारी जमिनीवर स्वतःसाठी थोडे साधे बिनकण्याच्या प्राण्यांचे जीवाश्म घेता येतात, विकायचे नाहीत, आणि हाडवाले प्राणी तर अजिबात नाही. प्रत्येक जागेचे नियम आधी वाचूनच जा.

ऑनलाईन विकत घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. मोरोक्कोचे ट्रायलोबाईट जगभर विकले जातात, खरेही भरपूर आहेत आणि नकलीही भरपूर, रेझिनमधे दगडाची भुकटी मिसळून साच्यात ओतलेले. लेन्सने बघा, पृष्ठभागावर बारीक गोल बुडबुड्यांची भोकं असली तर साचा समजा. डोळ्यातली भिंगं दिसायला हवीत तिथे नुसता गुळगुळीत उंचवटा असेल तर शंका घ्या. दगडातली भेग ट्रायलोबाईटमधूनही आरपार जायला हवी, ती कडेला येऊन थांबली तर तो वर चिकटवलाय. फार मोठा, फार काटेरी आणि फार स्वस्त असं तिन्ही एकत्र असेल तर नका घेऊ. साधा एल्राथिया किंवा गोळी झालेला कॅलिमेनी घ्या, ते इतके मुबलक आहेत की नकली करण्यात कुणाला फारसा फायदा नाही.

आणि ठाण्यात राहून वीकेंडला काय, हा पोरांचा खरा प्रश्न. आधी काय करायचं नाही ते सांगते, येऊर संजय गांधी नॅशनल पार्कात येतं, तिथून दगड उचलून आणायचा नाही, आणि चालू दगडखाणीत तर पायच ठेवायचा नाही, सुरुंग लावतात तिथे. पण बघायला भरपूर आहे. डोंगर कापून रस्ता काढलाय तिथे दोन काळ्या थरांच्या मधे विटकरी लाल पट्टा दिसतो कधी कधी, ती लाव्हाच्या दोन लोटांमधल्या काळातली जुनी माती किंवा राख, वरून दुसरा लाव्हा आल्यावर भाजली गेलेली. दगडातल्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट, कधी गुलाबी स्फटिक असतात, झिओलाईट आणि त्याच्या सोबतची खनिजं, आणि तीच बघायची हौस असेल तर सिन्नरचं गारगोटी म्युझियम एकदा बघून याच. जीवाश्मही अगदीच नाहीत असं नाही. लाव्हाचे लोट थांबले की मधे तळी व्हायची, त्यात प्राणी राहायचे, आणि वरळीला अशा थरातून छोट्या बेडकांचे जीवाश्म निघाले, ज्यांचं वर्णन १८४७ मधे रिचर्ड ओवेनने केलं, तोच ज्याने डायनासोर हे नाव दिलं. कासवंही मिळाली मुंबईत. आज त्यावर शहर आहे, तिथे खोदायला काही मिळणार नाही, पण वरळीवरून जाताना माहीत असलेलं बरं.

आणि सगळ्यात मजेचं, भर पावसातही होणारं काम म्हणजे फरशी बघणं. मी गंमत करत नाहीये, जगभर लोक हे मनापासून करतात. घरातला कोटा स्टोन सोडून द्या, तो प्राणी यायच्या आधीचा आहे. ओट्यावरचा ग्रॅनाईट सोडा, तो वितळलेल्या रसाचा. पण मॉलमधे, ऑफिसच्या लॉबीत, हॉटेलच्या बाथरूममधे जो बदामी-क्रीम रंगाचा इम्पोर्टेड मार्बल म्हणून लावतात तो बऱ्याचदा चुनखडक असतो आणि पॉलिश केल्यामुळे त्यातले जीवाश्म अगदी कापून ठेवल्यासारखे स्वच्छ दिसतात. जर्मनीचा ज्युरा दगड असेल तर अमोनाईटच्या चकत्या आणि बेलेम्नाईट नावाच्या माखलीच्या नातेवाईकाच्या काड्या, इटलीचा पर्लाटो असेल तर रुडिस्ट नावाच्या जाड शिंपल्यांचे वेडेवाकडे गोल. आपला पिवळा जैसलमेर बघा, त्यात शिंपल्यांचे काप असतात, आणि जैसलमेरजवळच्या हाबूरचा तो चॉकलेटी-पिवळा दगड तर जीवाश्मांनी नुसता खच्चून भरलेला. काळ्या टेबलावर पांढरे लांब सुळके दिसले तर मोरोक्कोचा दगड, त्यातले सुळके म्हणजे ऑर्थोसेरास नावाच्या प्राण्याचे सरळ शंख, आणि त्याचं वय डेव्होनियनच्या आसपास, म्हणजे ट्रायलोबाईटच्या काळातलं. नवी मुंबईत बसून त्या काळातल्या समुद्राला हात लावायची ही सगळ्यात सोपी जागा.

या रविवारी पोरांना घेऊन मी हेच करणार आहे. ओलं फडकं सोबत ठेवा, फरशी पुसली की कडा उठून दिसतात. फोटो काढताना शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. सिक्युरिटीवाल्या दादांना आधी सांगा आपण काय करतोय, नाहीतर जमिनीवर वाकलेली पाच पोरं बघून ते घाबरतात. आणि दगडाचं नाव मार्बलवाल्याला किंवा बिल्डिंगच्या ऑफिसात विचारा, बऱ्याचदा त्यांना माहीत असतं, आणि नाव कळलं की तो कुठल्या खाणीतला आणि किती जुना हे शोधून वहीत फोटोखाली लिहून ठेवता येतं.